बाईंचा ठसा कुणी मारायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून लिहिणाऱ्या या वाचक ४८ वर्षांच्या आहेत. शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी चांदीचे दागिने घडवतात. कला महाविद्यालयात ज्यांच्या हाताखाली त्या धातुकाम शिकल्या, त्या प्राध्यापक बाई गेल्या वर्षी वारल्या. बाईंच्या मुलीने एक ट्रंक त्यांच्याकडे आणून दिली. तीत हत्यारं, वह्या, चांदीची कातरण, तीसेक अर्धवट दागिने आणि बाई प्रत्येक दागिन्याच्या मागे मारायच्या तो पोलादी ठसा आहे. ‘आईचं तुम्हालाच कळतं, काय करायचं ते करा,’ असं मुलगी म्हणाली. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचं मत पडलं, की या वाचकांनी ते दागिने पुरे करावेत, त्यावर बाईंचा ठसा मारावा, वर्षश्राद्धाच्या सुमारास प्रदर्शन भरवून ते विकावेत आणि त्या पैशांतून बाईंच्या नावाचं पारितोषिक सुरू करावं. एकाचं म्हणणं, सगळं आटवा आणि रक्कम कॉलेजला देऊन मोकळे व्हा. बाईंच्या मुलाने फोन करून ‘चांदी एकूण किती भरली?’ एवढंच विचारलं, ते वाचकांना फार लागलं. त्या लिहितात, ‘माझा हात बाईंच्या हातासारखाच चालतो. मी पुरं केलेलं कुणाला ओळखू यायचं नाही. पण ठसा हातात घेतला की हातोडी उचलवत नाही. हा माझा दुबळेपणा का? आणि मी काहीच केलं नाही तर बाईंचं काम ट्रंकेत पडून राहील, त्याला जबाबदार मीच ना?’

ताई, नमस्कार.

हातोडी उचलवत नाही याला दुबळेपणा म्हणू नका. ग्रुपवर कितीही जण बोलत असोत, ट्रंक उघडून त्या वस्तू हातात घेतलेल्या तुम्ही एकट्या आहात. हाताळणाऱ्याला जे कळतं ते फोटो बघणाऱ्याला कळत नाही. तेव्हा तुमचा हात का अडतो आहे, ते आधी बघू या.

तुमच्या पत्रातला एक तपशील मी परत परत वाचला. एका अर्धवट चिंचपेटीबद्दल तुम्ही लिहिलंय. सात पेट्यांपैकी चारांच्या कड्या झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून, झाल्या आहेत, तीन पेट्या मेणाच्या गोळ्यात खोवून ठेवल्या आहेत. आणि ज्या अजून जोडायच्याच होत्या, त्यांच्याही मागच्या कडा बाईंनी कानस फिरवून गुळगुळीत केल्या आहेत, कारण ती बाजू गळ्याला लागते. वर्गात कुणी दागिना दाखवायला आणला की बाई तो आधी उलटा करायच्या, मग पुढून बघायच्या, असंही तुम्ही लिहिलंय. जी बाई मागची बाजू आधी बघते, तिच्यासाठी ठसा मारणं ही शेवटची औपचारिकता नसणार. मागून, पुढून, कडीपासून फाशापर्यंत सगळं तपासून झाल्यावर ‘हे मला पटलं, आता हे बाहेर जाऊ दे’ असं सांगायची ती त्यांची रीत होती. त्या तीस वस्तूंबद्दल बाईंनी असं सांगितलेलं नाही. तुमचा हात तिथे अडतो, आणि तो बरोबर जागी अडतो.

‘कुणाला ओळखू यायचं नाही’ हे तुम्ही पुरं करण्याच्या बाजूने लिहिलंय. माझ्या मते ते विरुद्ध बाजूचं कारण आहे. ओळखू आलं असतं तर घेणाऱ्याला निदान कळलं तरी असतं. ओळखू येणार नाही म्हणूनच तो फसेल. तो बाईंचा दागिना म्हणून पैसे मोजेल, घरी जपेल, लेकीला देईल, आणि त्यातला किती भाग बाईंचा हे तुमच्याशिवाय कुणालाही ठाऊक नसेल. पुढे कधी बाईंच्या कामावर कुणी अभ्यास करायला बसलं, तर त्यांच्या अखेरच्या वर्षांतलं काम म्हणून तुमचं काम समोर ठेवेल. त्यात बाईंचं नुकसान आहे आणि तुमचंही आहे.

आता ग्रुपची बाजू. ती मला सरळ झटकून टाकता येत नाही. आपल्याकडे दागिना एका हाताने होतच नाही. बाई तुम्हाला चांदीकामाच्या गावाला, हुपरीला, घेऊन जायच्या असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्ही पाहिलंच असेल, एका घरात तार ओढली जाते, दुसऱ्या घरात कड्या जुळतात, झाळायचं काम आणखी तिसरीकडे, आणि पैंजण शेवटी कुणाच्या हातून बाहेर पडला हे कुणी विचारत नाही. सोन्यात घडवणारा एक आणि गाठवणारा पटवेकरी दुसरा. आजीच्या ठुशीवर किंवा कोल्हापुरी साजावर सोनाराचं नाव कोरलेलं कुणी पाहिलंय का? या परंपरेत अर्धं काम पुढच्याने पुरं करायचं, यात गैर काहीच नाही. ग्रुपमधले लोक हे म्हणत असतील तर ते आपल्याच रिवाजाला धरून बोलत आहेत.

पण बाईंनी त्या रिवाजातून एक पाऊल बाहेर टाकलं होतं. त्यांनी ठसा करून घेतला. कॉलेजात शिकवणाऱ्या, स्वतः रेखाटन करून स्वतः घडवणाऱ्या माणसाने आपल्या कामाखाली सही करायचं ठरवलं, तेव्हा ‘कुणाच्याही हातून पुरं झालं तरी चालेल’ हा रिवाज त्यांनी स्वतःपुरता सोडला. ठसा हवा आणि परंपरेची मोकळीकही हवी, हे एकत्र जमणार नाही. दागिने पुरे करायचेच असतील तर ते ठशाशिवाय पुरे करावे लागतील.

या पेचातून अडीचशे वर्षांपूर्वी एक बाई कशी गेली ते सांगते. लंडनमध्ये जॉन बेटमन नावाचा सोन्याच्या साखळ्या करणारा कारागीर १७६० मध्ये वारला आणि त्याची हत्यारं बायकोकडे, हेस्टरकडे, आली. पुढल्याच वर्षी, १७६१ मध्ये, हेस्टरने तिथल्या सोनारांच्या संस्थेत ठसा नोंदवला तो स्वतःच्या आद्याक्षरांचा. हत्यारं त्याची, कारखाना त्याचा, सही तिची. आज इंग्लंडमधली जुनी चांदी जमवणारे लोक तो ठसा शोधत फिरतात. तुमच्याकडे ट्रंकेबरोबर हत्यारं आली आहेत. ती जरूर वापरा, पडून राहिली तर गंजतील. बाईंचा ठसा मात्र घरच्यांकडे परत द्या किंवा त्यांच्या वह्यांबरोबर जपून ठेवा, आणि स्वतःचा नसेल तर एक करून घ्या. पत्रात तुमच्या ठशाचा कुठेच उल्लेख नाही. इतकी वर्षं काम करून तो का केला नाहीत, हा प्रश्न बाईंनी तुम्हाला नक्की विचारला असता.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, ती मला तपासावीशी वाटते. ते तीस दागिने अर्धवट राहिले ते बाई गेल्यामुळे, असं तुम्हाला वाटतंय. सगळेच कसे तसे असतील? काम करणाऱ्याच्या टेबलावर एका वेळी दोनचार गोष्टी चालू असतात. बाकीच्यांतले काही त्यांनी मनाला न आल्यामुळे बाजूला टाकले असतील, काही प्रयोग म्हणून केले असतील. आणि शिकवणारीच्या ट्रंकेत वर्गात दाखवायचे नमुनेही असणार. झाळण्याआधी तुकडा कसा दिसतो, राळेवर बसवून उठाव काढताना पत्रा कुठवर येतो, हे दाखवायला मुद्दाम अर्ध्यावर थांबवलेलं काम. ते पुरं केलंत तर एक चांगला धडा पुसला जाईल. बाईंच्या वह्या तुमच्याकडे आहेत. एकही कडी झाळण्याआधी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि कुठला तुकडा कुठल्या रेखाटनाशी जुळतो ते लावून बघा.

मग तुम्हालाच दोन ढीग दिसायला लागतील. काही दागिन्यांत ठरवायचं काहीच उरलेलं नसेल. फासा लावायचा, फिरकी बसवायची, मोती गाठवायचे, एवढंच राहिलं असेल आणि वहीत त्याचं चित्रही असेल. ते बेलाशक पुरे करा. सोबतच्या चिठ्ठीवर लिहा, की घडण बाईंची, गाठवणं आणि फासा तुमचा, आणि वर्ष घाला. काही तुकड्यांत बाईंचा निर्णयच झालेला नसेल, पुढे काय करायचं हे त्यांनाही ठरलं नसावं असे. ते आहेत तसे राहू द्या. आणि ज्यांच्याबद्दल तुमचं मन हो-नाही करत राहतं ते दुसऱ्या ढिगात टाका. न जोडलेलं पुढे कधीही जोडता येतं. झाळलेलं उलगडायला गेलात तर मूळ काम जळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चिंचपेटी माझ्या मते पहिल्या ढिगात बसते, पण वहीत मोत्यांची मांडणी सापडली तरच.

‘सगळं आटवा’ म्हणणाऱ्या गृहस्थांवर तुम्ही रागावला आहात. दागिन्यांच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. मोडीच्या भावाने फक्त चांदी विकली जाते, बाईंची घडणावळ त्या भावात कुठेच नसते. पण ट्रंकेत कातरण आहे, तारेचे तुकडे आहेत, कानशीखालचा चुरा आहे. तो कच्चा माल आहे आणि बाईंनीही तो एक दिवस मुशीत टाकलाच असता. तिथे त्या गृहस्थांचं ऐका. फक्त झाळ लागलेले तुकडे वेगळे काढा. झाळीत जस्त असतं, ते स्वच्छ चांदीत मिसळलं तर पत्रा ठोकताना तडकतो. ते तुकडे गाळायला द्यावे लागतील, बाकीचं सरळ आटवता येईल. तुम्हाला हे माहीत आहे, ग्रुपमधल्या ज्यांनी कॉलेजनंतर फुंकणी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी लिहिलं. त्यातून जो पत्रा निघेल तो कॉलेजातल्या मुलांना द्या. चांदीचे भाव बघता बहुतेक मुलं तांब्या-पितळेवर हात बसवतात आणि चांदीची झाळ चांदीवरच शिकायची वेळ येते तेव्हा घरी पैसे मागायला कचरतात. दरवर्षी दोन मुलांना थोडी थोडी चांदी मिळाली तर ते मला व्यासपीठावर दिलेल्या मानचिन्हापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. कातरण संपली की तुम्ही माजी विद्यार्थी आपापल्या कामातली भर घाला.

आता बाईंचा मुलगा. ‘चांदी किती भरली’ हा प्रश्न तुम्हाला लागला, कारण तुम्ही त्याच ट्रंकेत बाईंचे हात बघत होता. पण त्या माणसाला प्रश्न विचारायचा अधिकार आहे, आणि बहुतेक त्याला दुसरा प्रश्न सुचला नसावा. चांदीच्या कामातलं काही कळत नसलेल्या मुलाने आईच्या कामाबद्दल काय विचारायचं? वजन हेच एक माप त्याच्या ओळखीचं. शिवाय कायद्याची बाजू आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेल्या असतील, तर त्यांच्या वस्तूंवर मुलगा, मुलगी आणि पती हयात असतील तर त्यांचा सारखा हक्क आहे. मुलीने प्रेमाने ट्रंक दिली, पण ती एकटी देऊ शकत नाही. बाईंचे नमुने बघून तसेच दागिने घडवायचे असतील तर तिथेही घरच्यांची परवानगी लागेल. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. कलाकुसरीची हस्तकृतीसुद्धा त्यात येते. विक्रीचा विचार तर सगळ्या वारसांची लेखी संमती येईपर्यंत करूच नका. पैसा मध्ये आला की चांगल्या घरांतही मनं फाटतात, आणि मग बाईंचं नाव निघालं की आधी तेच आठवतं.

म्हणून मुलाला वजन सांगा. नुसता आकडा सांगू नका, यादी करून द्या. एकेक वस्तू, तिचा पुढून आणि मागून फोटो, ग्रॅममधलं वजन, वहीतल्या कुठल्या पानाशी जुळते ते, आणि तुम्हाला आठवत असेल ते दोन ओळींत. मोबाइलवर होईल, खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून. एक प्रत मुलाला, एक मुलीला, एक तुमच्याकडे. हे काम तुम्हाला प्रदर्शनासाठी करावंच लागणार आहे, आधी करा. अशी यादी वाचल्यावर पुष्कळदा घरच्यांचा प्रश्न आपोआप बदलतो.

यादी करताना मोह आवरा तो उजळायचा. फोटो छान यावेत म्हणून कुणीतरी दागिने सोनाराकडे पॉलिशला टाका म्हणेल, नाहीतर घरीच रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासायला घेईल. बाई खोलगट नक्षीत गंधकाच्या द्रावणाने मुद्दाम काळेपणा आणायच्या, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. चांदी उजळायच्या तयार द्रावणात बुडवलं तर तो एका मिनिटात जाईल आणि काम सपाट दिसायला लागेल. साठलेली धूळ मऊ कपड्याने टिपा, बस. धुतलेल्या साध्या सुती कापडात प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. रबरबँड आणि लोकरीचं कापड जवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

प्रदर्शनाबद्दल सांगायचं तर, ते भरवा, पण ट्रंकेतल्या अर्धवट वस्तूंवर कशाला? बाईंनी इतक्या वर्षांत पुऱ्या केलेल्या, ठसा मारलेल्या वस्तू आहेत कुठे? लोकांच्या कपाटांत, कानांत, गळ्यांत. ट्रंकेतलं काम कुठेही जाणार नाही, निकड आहे ती त्या बाहेर गेलेल्या कामाची. जिने १९९० च्या आसपास बाईंकडून लग्नासाठी वाकी करून घेतली ती आज साठीची असेल. तिच्या सुनेला ती वाकी कुणी केली हे ठाऊक नसेल, आणि एखाद्या दिवाळीत ‘जुनी डिझाइन’ म्हणून ती मोडीत जाईल. ग्रुपवरच्या लोकांना कामाला लावायचंच आहे ना? प्रत्येकाने आपल्या माहितीतले बाईंचे दागिने शोधावेत. विकत किंवा मागून घ्यायचे नाहीत, फक्त फोटो काढायचा, शक्य तर वापरणारीने घालून. आणि विचारायचं, की कधी घेतला, कशासाठी, बाई तेव्हा काय म्हणाल्या होत्या, फासा कधी बदलला का. त्यातून बाईंच्या कामाचं पुस्तक आपोआप तयार होईल. नाहीतर स्मरणिकेत पंचवीस लेख येतात आणि सगळ्यांत ‘शिस्तप्रिय पण प्रेमळ’ एवढंच असतं.

आणि त्या दिवशी विद्यार्थ्यांचंही काम मांडा. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अल्मा आयकरमन यांनी १९४७ पासून तीस वर्षं दागिने आणि धातुकाम शिकवलं. १९८५ मध्ये तिथल्या कला संग्रहालयात त्यांच्या गौरवार्थ जे प्रदर्शन झालं, त्यात त्यांच्या कामाबरोबर चाळीस माजी विद्यार्थ्यांचं काम होतं. तेव्हा त्या हयात होत्या आणि पुढे १९९५ पर्यंत होत्या. (ज्यांचे सर किंवा बाई अजून आहेत, त्या वाचकांनी हे वाचून वर्षश्राद्धाची वाट बघू नये.)

यातला ‘माझा हात बाईंसारखाच चालतो’ हा भाग तुम्हाला थोडा अवघड जाईल. ते तुम्ही अभिमानाने लिहिलंत, आणि तो अभिमान तुम्ही कमावलेला आहे. तरी बाईंसारखं करता येणं हाच शिष्येच्या निष्ठेचा पुरावा, असं मला वाटत नाही. म्युनिकच्या कला अकादमीत हर्मान युंगर १९७२ ते १९९० सोनारकामाचे प्राध्यापक होते. रंग, मीना, जलरंगातली हलकी रेखाटनं यांतून त्यांचे दागिने यायचे. त्यांची जागा १९९१ मध्ये त्यांचेच विद्यार्थी ओट्टो क्युन्झली यांनी घेतली. या शिष्याने १९८० मध्येच एक कडं केलं होतं, काळ्या रबराचं, आत सोन्याचा गोळा दडवलेला. सोनं दिसतच नाही, नुसता फुगवटा दिसतो. गुरूच्या हाताशी त्याचं काडीचंही साम्य नाही, तरी त्या वर्गात असं काम करायची मुभा होती हे त्यातून कळतं. प्रदर्शनात तुमचं टेबल असू द्या, आणि त्यावर बाईंच्या धाटणीपेक्षा वेगळं असं तुमचं काही असू द्या, तुमच्या ठशाचं.

पारितोषिक करायचंच असेल तर ते छोटं ठेवा आणि कोण बघणार ते आधी ठरवा. अशी पारितोषिकं दोनतीन वर्षांनी बंद पडतात ती बहुधा पैशांअभावी नाही, फोन कोण करणार हे न ठरल्यामुळे. बाईंच्या वाढदिवसाच्या आठवड्यात कॉलेजात चार दिवसांची कार्यशाळा घेता आली तर आणखी बरं. तुम्ही झाळ शिकवा, दुसऱ्या कुणी उठावकाम. वर्गात दाखवायचे ते अर्धवट नमुने तिथे नीट कामी येतील. घरच्यांनी परवानगी दिली तर कॉलेजने ते कायमचे ठेवून घ्यावेत असंही सुचवा, पण पोच घेऊनच.

सगळ्याची जबाबदारी तुमच्यावर आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ट्रंक तुमच्याकडे आली म्हणजे यादी आणि राखण तुमच्याकडे आली. निर्णय घरच्यांचा, शोधाशोध ग्रुपची. वर्षश्राद्धाची तारीख प्रदर्शनासाठी धरून बसू नका. त्या दिवशी घरचे जे करतील त्याला जा, जेवून या. कामाला दीड-दोन वर्षं लागली तरी चालतील.

या आठवड्यात फक्त एक करा. बाईंच्या मुलाला फोन लावा. सव्वा किलो भरली की दीड, ते आधी सांगून टाका. मग विचारा, की बाईंनी केलेलं काही त्याच्याकडे आहे का, मुंजीतली भिकबाळी, बायकोसाठी केलेली जोडवी, काहीही. असेल तर त्याचाही फोटो यादीत हवा आहे म्हणावं, आणि तो घ्यायला तुम्ही कधी येऊ ते ठरवून घ्या.